१० बाय १२ च्या खोलीतलं ७३७

वाशीची खाडी मागे पडली. खाली घाटकोपरची दाट वस्ती सरकत होती आणि समोर मुंबईची २७ नंबरची धावपट्टी दिव्यांच्या दोन ओळींमध्ये रुंदावत चालली होती. काकांचा डावा हात योकवर, उजवा थ्रॉटलवर. रेडिओ अल्टिमीटरचा आवाज उंची मोजू लागला: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी. ‘ट्वेंटी’ ऐकू येताच काकांनी विमानाचं नाक उचलायला योक हलकेच मागे घेतला आणि नेमकं तेव्हाच समोरचं चित्र गोठलं. अर्धा सेकंद, जास्त नाही. चित्र पुन्हा हललं तेव्हा चाकं धावपट्टीवर आदळून गेली होती. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “आपटलं का हो?”

“आपटलं,” काका म्हणाले, आणि बराच वेळ थ्रॉटलवरचा हात त्यांनी काढलाच नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर १० बाय १२ ची ही खोली आहे. काका एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झाले. मुलीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली आणि तिथे त्यांनी प्लायवूड, अ‍ॅल्युमिनियमचे चॅनल आणि लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक जोडून बोइंग ७३७-८०० चं कॉकपिट उभं केलं. गिअरचा दांडा आहे, दोन खुर्च्यांमध्ये थ्रॉटलची पेटी आहे, डोक्यावर टॉगल स्विचांनी भरलेलं ओव्हरहेड पॅनल आहे. बाहेरचं आकाश दाखवायला ४३ इंची तीन टीव्ही कमानीसारखे मांडलेले. हा सगळा पसारा तेव्हा एकच कॉम्प्युटर चालवत होता, आणि तो अर्धा सेकंद त्याच्या पोटात कुठेतरी दडलेला होता.

अर्ध्या सेकंदाचं एवढं काय, असं वाटेल. उतरताना ७३७ चा वेग साधारण १४० नॉट असतो, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. अर्ध्या सेकंदात विमान ३६ मीटर पुढे जातं. मिनिटाला ७०० फुटांनी ते खाली येत असेल तर तेवढ्याच वेळात जवळजवळ ६ फूट उतरतं. जमिनीपासून २० फुटांवर असताना त्यातले ६ फूट डोळ्यांआड झाले, तर हात कितीही सरावाचा असला तरी करणार काय? खऱ्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जे प्रमाणित सिम्युलेटर असतात, त्यांत हात हलल्यापासून चित्र आणि काटे हलेपर्यंत किती मिलिसेकंद चालतील याची मर्यादा नियमांतच लिहिलेली असते. घरच्या कॉकपिटमधल्या तासांना परवान्यासाठी काही मोल नाही, त्यामुळे असला नियमही नाही. पण डोळा आणि हात तेच आहेत.

चित्र अडखळल्यावर सगळे करतात तोच उपाय काकांनी आधी केला होता. जुनं ग्राफिक कार्ड विकलं आणि जवळपास दुप्पट किमतीचं नवं घेतलं. ढग देखणे झाले, सह्याद्रीच्या कडांना धार आली, फ्रेमची, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांची, सरासरी वाढली. २० फुटांवरचा झटका होता तिथेच राहिला. त्यानंतरचं जवळजवळ वर्षभर मी त्यांच्याकडे जात राहिले, पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या आणखी काही कॉकपिटवाल्यांच्या खोल्यांत तासन् तास बसले आणि माझंही एक छोटं पॅनल जुळवायला घेतलं. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. आपल्याकडे कॉम्प्युटर दुकानातल्या पाटीवरून निवडतात. कॉकपिटचा कॉम्प्युटर निवडायचा तो डोळ्यापासून आणि हातापासून उलटा मोजत.

हातातल्या सामानातून विमान घडवायची रीत सिम्युलेटरइतकीच जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. लिंकना उडायला शिकायचं होतं आणि शिकणं महाग होतं. १९२९ पर्यंत त्यांनी कारखान्यातलेच भाते, हवेच्या नळ्या आणि पंप वापरून एक लाकडी विमान घडवलं. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि ते लुटुपुटूचं विमान कले, वळे, नाक उचले. आपल्या पेटीचा भाता ज्या तत्त्वावर सूर देतो, त्याच तत्त्वावर जगातला पहिला खपणारा सिम्युलेटर चालला. सुरुवातीला तो जत्रेतल्या करमणुकीसाठीच जास्त विकला गेला. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना टपाल वाहून नेण्याचं काम दिलं गेलं, खराब हवेत एकामागून एक अपघात झाले, माणसं गेली. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली.

घरच्या कॉम्प्युटरवरचं विमान आलं ते ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. त्यांचा कार्यक्रम आधी अ‍ॅपल-२ वर चालला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. त्या काळात आयबीएमसारखी यंत्रं बनवणाऱ्या इतर कंपन्यांचा माल खरोखर आयबीएमसारखा आहे का, हे तपासायला लोक त्यावर फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघत. चाललं तर यंत्र अस्सल. म्हणजे सिम्युलेटर चालवायला यंत्र घ्यायचं आणि त्याच सिम्युलेटरने त्या यंत्राची परीक्षा घ्यायची, हे नातं चाळीस वर्षांहून जुनं आहे. मधल्या काळात एक वाईट वळणही आलं. २००६ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर एक्स आलं, ते मुख्यतः एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच घटकावर, भार टाकणारं. प्रोसेसर बनवणारे मात्र नेमके तेव्हाच एका कोअरचा वेग वाढवण्याऐवजी कोअरची संख्या वाढवायला लागले होते. पुढे कित्येक वर्षं चांगल्या-चांगल्या यंत्रांवर ते रखडत चाललं. आजच्या सिम्युलेटरांनी काम बरंच वाटून दिलं आहे, तरी तो जुना गुण पूर्ण गेलेला नाही. काकांचा अर्धा सेकंद त्याच वंशातला निघाला.

पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला ढोल-ताशा पथकासारखं दुसरं उदाहरण नाही. पथकात शंभर ढोल असतील, पण ठेका ताशाचा. ताशा थांबला की शंभर ढोल हात वर धरून थांबतात. सिम्युलेटरच्या कामात ताशा असतो त्याला मेन थ्रेड म्हणतात. हवा पंखांवर कशी वाहते, इंजिनाचा दाब किती, ऑटोपायलटचं पुढचं पाऊल कोणतं, विमानतळावरची बाकीची विमानं कुठे आहेत, कोणता स्विच दाबला गेला, या सगळ्याची सांगड घालून ‘आता हे चित्र काढा’ असं तो ग्राफिक कार्डाला सांगतो. हे काम प्रामुख्याने एका कोअरवर, एकापाठोपाठ एक होतं. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी त्याच्या हातात ३३ मिलिसेकंद असतात. मुंबईसारख्या विमानतळाजवळ इमारती दाट, विमानं दाट, दिवे दाट. तिथे त्याला मधूनच ३३ ऐवजी ५०० लागले, की बाकीचं सगळं यंत्र कितीही ताकदीचं असो, ते नुसतं वाट बघतं.

हे शोधायला पैसे लागत नाहीत, ही गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कोपऱ्यात एक लहान चौकट येते आणि चित्र कशामुळे अडतंय ते ती सरळ सांगते: ग्राफिक कार्डामुळे की मेन थ्रेडमुळे. काकांनी ती चौकट लावून पुन्हा मुंबईकडे उतरायला घेतलं. खाडीवर असेपर्यंत ग्राफिक कार्ड. घाटकोपर येताच अक्षरं बदलली: मेन थ्रेड. नव्या महागड्या कार्डाचा तिथे निम्मा वेळ रिकामा जात होता. काका चौकटीकडे बघत राहिले, मग म्हणाले, “अगं, चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो की आधी मोजा, मग दुरुस्त करा. आणि घरात मोजायचंच विसरलो.”

प्रोसेसर कोणता, हा प्रश्न मग स्वच्छ झाला. जास्त कोअर म्हणजे जास्त ढोल. पाहिजे होता वेगवान ताशा, आणि त्या ताशाला लागणारं सामान हाताशी. हे हाताशी असणं फार महत्त्वाचं आहे. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा ओट्यावर असतो. जे त्यात नाही ते फडताळातून काढावं लागतं. आणि तिथेही नसेल तर वाण्याकडे जावं लागतं. प्रोसेसरच्या पोटातली कॅश मेमरी म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे फडताळ, एसएसडी म्हणजे वाणी. सिम्युलेटरला दर चित्रामागे विमानाच्या आणि जगाच्या हजारो बारीकसारीक नोंदी लागतात, त्या सगळ्या छोट्या डब्यात मावत नाहीत आणि ताशेवाला सारखा फडताळाकडे पळत राहतो. एएमडीच्या नेहमीच्या आठ कोअरच्या रायझन ७ ७७००एक्समध्ये ही मोठी कॅश ३२ मेगाबाइट आहे. २०२३ मध्ये आलेल्या ७८००एक्स-३डी मध्येही कोअर आठच, पण कॅशचा आणखी एक थर चिपवर चढवून ती ९६ मेगाबाइट केलेली आहे. घड्याळाचा वेग उलट थोडा कमी, तरी सिम्युलेटरमध्ये तोच पुढे जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स-३डी मध्ये हा थर कोअरच्या खाली नेला, त्यामुळे वरून उष्णता लवकर निघते. सिम्युलेटरसाठी नवीन कॉम्प्युटर जुळवणाऱ्याला मी आज सांगेन की बजेट याच जातीच्या प्रोसेसरपासून मांडायला घ्या आणि उरेल त्यात कार्ड बसवा. दुकानात बहुतेक याच्या उलट सांगतात.

प्रोसेसर बदलून झटका अर्ध्यावर आला. पूर्ण गेला नाही, कारण ताशेवाल्याकडून काका आणखी एक काम करून घेत होते, जे त्याचं नव्हतंच.

खऱ्या ७३७-८०० मध्ये वैमानिकांसमोर सहा चौकोनी डिस्प्ले असतात: उड्डाणाचा, नकाशाचा, इंजिनांचा. काकांनी ते सिम्युलेटरमधल्या विमानातूनच वेगळ्या खिडक्यांत बाहेर काढून पॅनलमागच्या मॉनिटरवर लावले होते. सोपं पडतं. पण अशी प्रत्येक खिडकी सिम्युलेटरला पुन्हा रंगवावी लागते आणि त्याचा बोजा त्याच ३३ मिलिसेकंदांवर पडतो. शिवाय साध्या ग्राहक वर्गातल्या एनव्हिडियाच्या कार्डाला एका वेळी चारच पडदे जोडता येतात. तीन टीव्ही बाहेरच्या दृश्याला गेले, उरला एक. म्हणून मुख्य पॅनलचे सहाही चौकोन काकांनी एका लांबट मॉनिटरवर दाटीवाटीने कोंबले होते.

यावरचा उपाय त्यांच्या माळ्यावर पडलेला होता. मुलीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर. कॉकपिटवाल्यांसाठीच लिहिलेली प्रोसिमसारखी सॉफ्टवेअर आहेत, ती विमानाच्या यंत्रणा आणि डिस्प्ले स्वतः सांभाळतात आणि घरच्या नेटवर्कवर दोन-तीन यंत्रांत वाटूनही चालतात. डिस्प्ले म्हणजे काळ्या पाटीवरच्या रेघा आणि आकडे. त्यांना महागडं कार्ड लागत नाही. जुन्या यंत्राला फक्त एसएसडी बसवली, राउटरपासून एक लॅन केबल ओढली आणि काटे त्याच्याकडे सोपवले. वायफायवर हे करू नका. काटा मधूनच थबकला की भरवसा उडतो. मी पाहिलेल्या खोल्यांत ज्यांचं कॉकपिट सुरळीत चालत होतं त्यातल्या बहुतेकांकडे दोन यंत्रं होती, आणि दुसरं यंत्र नेहमी जुनंच होतं.

मग आला आकड्याचा मोह. काकांना सेकंदाला ४५ ते ५५ फ्रेम मिळू लागल्या आणि तरीही वळताना क्षितिज किंचित थरथरायचं. टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ४५ फ्रेम आल्या की काही चित्रं एक फेरा दिसतात, काही दोन फेरे. चाल लंगडी होते. काकांनी फ्रेम ३० वर बांधून टाकल्या. आता प्रत्येक चित्र बरोबर दोन फेरे दिसतं. आकडा कमी झाला आणि उड्डाण गुळगुळीत झालं. बंदुकीच्या खेळांना ३० फ्रेम चालणार नाहीत, पण प्रवासी विमान संथ वळतं; त्याला संख्येपेक्षा सम चाल जास्त मानवते. कार्ड स्वतःच मधली चित्रं बनवून भरतं ती फ्रेम जनरेशनची सोयही आहे. उंचावरच्या प्रवासात ती छान दिसते. मात्र त्या चित्रांत तुमच्या हाताची नवी हालचाल नसते, म्हणून उतरताना मला ती नको वाटते.

आता डोळा. तीन ४३ इंची टीव्ही, प्रत्येक फोर-के. एका फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. तिघांचे मिळून जवळजवळ २ कोटी ४९ लाख. एवढे ठिपके सेकंदाला ३० वेळा रंगवायचे तर कोणतंही कार्ड घामाघूम होणार. पण ते दिसतात का? मी काकांच्या डोळ्यापासून टीव्हीपर्यंत मोजपट्टी धरली: साडेतीन फूट. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. त्या अंतरावरून एक टीव्ही डोळ्यात ४८ अंश व्यापतो, तिन्ही मिळून १४४ अंश, म्हणजे मान फिरवून बाजूची धावपट्टी बघता येईल इतकं. फोर-केचे आडवे ३८४० ठिपके ४८ अंशांत पसरले की अंशाला ८० पडतात. निरोगी डोळा अंशाला साधारण ६० ठिपके वेगळे ओळखतो. पुढचे २० डोळ्याला दिसत नाहीत, कार्डाला मात्र रंगवावे लागतात. काकांनी टीव्ही २५६० बाय १४४० वर आणले: अंशाला ५३, एकूण ठिपके १ कोटी १० लाख. बोजा निम्म्याहून खाली आला, आणि मी आलटून पालटून दाखवलं तेव्हा काकांना दोन्हीतला फरक फक्त धावपट्टीवरच्या दूरच्या आकड्यांत जाणवला. टीव्ही घेणार असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. एरवी टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि योक हलवल्यावर क्षितिज उशिरा कलतं.

तीन पडद्यांवर एकच रुंद चित्र ताणलं की कडेच्या इमारती रबरासारख्या लांबतात. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक पडद्याला स्वतःचा कोन देता येतो आणि एकाहून जास्त कॉम्प्युटर जोडून दृश्य वाटूनही घेता येतं; ज्यांचा जीव कडेच्या खिडकीत आहे त्यांनी ते जरूर बघावं. डोक्याला लावायच्या व्हीआर चष्म्याबद्दल मला सगळे विचारतात. अंतराची खोली आणि दृश्य त्यात खरं वाटतं, यात शंका नाही. पण चष्मा लावला की तुम्ही स्वतः कापलेलं, रंगवलेलं, डाख दिलेलं पॅनल दिसत नाही. कॉकपिट बांधणाऱ्याला ते सोसत नाही.

कार्ड निवडताना वेगाइतकीच त्याची स्वतःची मेमरी बघा. जमिनीचे, इमारतींचे, कॉकपिटचे पोत तिथे ठेवले जातात. ती भरली की यंत्र ते पोत इकडून तिकडे हलवू लागतं आणि पुन्हा तेच गोठणं. तीन पडद्यांना ८ जीबी अपुरी पडते, १२ कामचलाऊ, १६ वर जीव भांड्यात पडतो. वापरलेलं कार्ड घ्यायला माझी ना नाही; मात्र विक्रेत्याच्या घरी जाऊन अर्धा तास भाराखाली चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, बिल मागा.

बाकीच्या गोष्टी चटकन. मायक्रोसॉफ्टने सिम्युलेटरच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी ३२ जीबी रॅम सुचवली आहे आणि उत्तम म्हणून ६४. मला ३२ पुरते. डीडीआर-५ च्या चार पट्ट्यांपेक्षा दोन घ्या, चार लावल्या की वेग उतरतो. ही आवृत्ती जगाचा बराचसा भाग इंटरनेटवरून ओढत राहते. कंपनीने किमान १०, शिफारस म्हणून ५० आणि उत्तम म्हणून १०० एमबीपीएस दिले आहेत. घरात कुणी त्याच वेळी सिनेमा बघत असेल तर मध्यम जोडणीवर कोकण किनारा धूसर होतो. एसएसडी एनव्हीएमई जातीची, २ टीबीची.

वीज हा मात्र दोन ओळींत संपणारा विषय नाही. दुकानात ६०० व्हीए चा यूपीएस सर्रास गळ्यात मारतात. त्यावर बारीक अक्षरात साधारण ३६० वॅट लिहिलेले असतात. प्रोसेसर १२० वॅटचा, कार्ड ३२० वॅटचं आणि वर तीन टीव्ही असतील तर वीज जाताच तो यूपीएसही मान टाकतो. सगळ्या वस्तूंच्या वॅटची बेरीज करा, त्यावर तिसरा हिस्सा वाढवा आणि वॅटचा आकडा बघूनच यूपीएस घ्या. टीव्ही त्यावर नसले तरी चालतील. कॉम्प्युटर शिस्तीत बंद करायला पाच मिनिटं मिळाली की पुरे. आणि उष्णता. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद खोलीत ५०० वॅट म्हणजे छोटा हीटरच. काकांनी कॉम्प्युटर कॉकपिटच्या सांगाड्याबाहेर, खिडकीशी, जमिनीपासून फूटभर उंच ठेवला आहे आणि समोरची धूळजाळी ते दर पंधरा दिवसांनी धुतात. पंख्याचा आवाजही त्यामुळे कानाआड गेला. काचेची पेटी आणि आत इंद्रधनुषी दिवे असलेलं यंत्र अजिबात घेऊ नका. रात्रीच्या उड्डाणात कॉकपिट अंधारं असतं, पॅनलवरची अक्षरं मंद उजळलेली असतात, आणि खाली गुलाबी प्रकाश उड्या मारत असेल तर सगळी मेहनत वाया.

इथवर डोळ्याचं झालं. हाताचं सामान स्वस्त असतं, वेळ मात्र तेच सगळ्यात जास्त खातं, आणि मला स्वतःला ओढ आहे ती त्याची.

माझं पॅनल म्हणजे ७३७ चं ऑटोपायलट चालवायची पट्टी, खिडकीच्या खालची. वेग, दिशा, उंची यांच्या आकड्यांच्या खिडक्या आणि त्याखाली बटणं. उंचीचं बटण एक टिक फिरलं की १०० फूट. हे बटण म्हणजे रोटरी एन्कोडर. मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून पहिल्यांदा सर्वांत स्वस्त एन्कोडर आणले. फिरवलं की टिक लागायची, पण आतले संपर्क थरथरायचे. दहा टिकांत कधी ९०० फूट चढायचे, कधी १,१००, आणि एकदा तर उलटे उतरले. ५,००० वरून ३५,००० ला जायचं म्हणजे ३०० टिका. इतक्यांदा जे बोटाला लागणार, ते चांगल्या दर्जाचंच हवं. दुसरे आणले ते जड होते, प्रत्येक टिक वेगळी कळायची. पहिल्यांदा ते बरोबर ३०० टिकांत ३५,००० वर थांबलं, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी ते पुन्हा ५,००० वर आणून परत चढवलं.

या बटणांची आणि सिम्युलेटरची गाठ घालून देतो आर्डुइनो मेगा नावाचा छोटा बोर्ड. त्याला ५४ डिजिटल आणि १६ अ‍ॅनालॉग पिना आहेत. मोबीफ्लाइट हे फुकट सॉफ्टवेअर बोर्डावर चढवलं की एक ओळही कोड न लिहिता कोणता स्विच कशासाठी हे ठरवता येतं. ओव्हरहेडला ५४ पिना पुरत नाहीत. तिथे ७४एचसी१६५ ही काही रुपयांची चिप लावायची: एकीला आठ स्विच, आणि एकीमागे एक अशा आणखी जोडल्या तरी मेगाच्या तीनच पिना जातात. आकड्यांसाठी मॅक्स७२१९, एकीवर आठ आकडे. थ्रॉटलला घासणारा पोटेन्शिओमीटर लावला तर वर्षा-दोन वर्षांत त्याचा कार्बनचा पट्टा झिजतो आणि इंजिन उगाच वरखाली होतं. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर कुठे घासतच नाही. काकांनी ट्रिमची दोन मोठी चाकं मोटारीने फिरवली आहेत, खऱ्यासारखी खडखडतात. त्या मोटारीला वीज वेगळ्या एसएमपीएसमधून दिली आहे, कारण एकाच वाटेने दिल्यावर चाक फिरलं की शेजारचे आकडे लुकलुकायचे.

आणि यूएसबी. एका संध्याकाळी पुणे सोडून मी ढगांत शिरले आणि योक मेला. विमान डावीकडे कलत गेलं, मी योक उजवीकडे दाबत राहिले, काहीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, वेगळ्याच ठिकाणी. मी योक उघडला, तारा तपासल्या, दोन रविवार घालवले. दोष निघाला सात तोंडांच्या हबमध्ये. त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नव्हता. यूएसबी २ चं एक तोंड ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतं आणि तेवढ्यात मी योक, पेडल, थ्रॉटल, दोन आर्डुइनो आणि पॅनलचे दिवे जगवायला बघत होते. त्यावर विंडोज वीज वाचवायला हब झोपवायची, ते वेगळंच. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब आणला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक हबपुढची वीज वाचवण्याची खूण काढली, पॅनलच्या दिव्यांना वेगळा पुरवठा दिला. तेव्हापासून एकदाही नाही. मदरबोर्ड निवडताना मागची यूएसबी तोंडं मोजा असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते क्षुल्लक वाटतं. कॉकपिटमध्ये ती ग्राफिक कार्डाइतकीच महत्त्वाची आहेत.

नवख्यांना काका आता सांगतात की आधी खुर्चीत बसा, डोळ्यापासून पडदा कुठे येईल तिथे खडूने रेघ मारा, हात कुठवर पोचतो ते बघा, किती वस्तू जोडणार ते कागदावर लिहा. त्यानंतर पडदे, मग प्रोसेसर, मग पडद्यांना पुरेल एवढंच कार्ड. एक योक, एक थ्रॉटल यांवर सहा महिने उडा आणि मगच ओव्हरहेड कापायला घ्या. बऱ्याच जणांना हा सल्ला आवडत नाही. ते थेट कार्डाचं नाव विचारतात.

गेल्या पंधरवड्यात मी गेले तेव्हा उजव्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, मांडीवर चेकलिस्टचा कागद, चष्मा नाकावर. पुण्याहून दाबोळीला निघालो. काकूंचं माहेर वास्कोचं. मी मागे स्टुलावर. खाली उतरताना काकूंनी गिअरचा दांडा खाली ओढला, तीन हिरवे दिवे लागले, त्यांनी ते मोठ्याने वाचले. धावपट्टी २६ समोर आली तशी त्यांच्या बाजूच्या टीव्हीवर झुआरीचं पात्र उघडलं आणि त्या चेकलिस्ट विसरून तिकडेच बघत राहिल्या.

“फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी.” काकांनी योक मागे घेतला, क्षितिज अलगद खाली गेलं. “टेन.” चाकं टेकली, ट्रिमचं चाक एकदा खडखडलं, वेग उतरला. विमान जागेवर जाऊन उभं राहिलं, इंजिनं बंद झाली.

“फ्युएल पंप,” काका म्हणाले.

काकूंनी हात वर केला आणि ओव्हरहेडवरचे स्विच एकेक करून बंद केले. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. “तुमच्या त्या खाडीत,” त्या अजून उजवीकडे बघत म्हणाल्या, “होड्या नाही दाखवल्या कुणी.”